उताराचा गुन्हेगार कोण?

पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून निघालेला महामार्ग नवले पुलाकडे लांबलचक उताराने खाली येतो. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी या उतारावर एका अवजड कंटेनरने पुढील वाहने चिरडली, आग भडकली आणि आठ माणसे प्राणास मुकली. तीनच वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर २०२२ रोजी, एका मालट्रकने तेथेच अनेक वाहनांना धडक दिली होती. तेव्हा आधी 'ब्रेक निकामी' अशी बातमी आली. पुढे पोलिसांनी सांगितले की, डिझेल वाचविण्यासाठी चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. चालक बेपर्वा, असा निकाल लागला आणि प्रकरण मिटले.

डिझेल वाचविण्याची ही बुद्धी चालकाला होते कशी, हे कोणी विचारीत नाही. आपल्याकडे असंख्य फेऱ्या उक्त्या रकमेवर चालतात. डिझेल, टोल, जेवण आणि नाक्यानाक्यावरचे 'चहापाणी' त्यातूनच भागवायचे. उरेल ती कमाई. उतारावर वाचलेले डिझेल म्हणजे घरी धाडावयाचे पैसे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापून पकड सोडतात. इंजिनच बंद केले तर ब्रेकला लागणारी हवाही भरली जात नाही. चालकाला हे ठाऊक नसते, असे मानणे हा सुशिक्षितांचा अहंकार आहे. ठाऊक असूनही त्याला हा जुगार खेळावा लागतो, कारण भाड्याचा हिशेब त्याच्या मागे बसलेला असतो.

शासनाची तऱ्हा पाहा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि लांब पल्ल्यावर फार तर दहा तासांची मर्यादा घातली, पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांपुरतीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती मर्यादा सर्व वाहतूक चालकांना लावली. तपासणार कोण, हे अधांतरीच राहिले. नवले पुलावरील चिता विझल्यावर आठच दिवसांत, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी श्रमसंहिता अमलात आली आणि पाचाचा आकडा दहावर गेला. एक-दोन गाड्यांच्या मालकांनी भरलेल्या या धंद्यात याचा अर्थ काय, ते सांगावयास नको. २०१८ मध्ये गाड्यांची अधिकृत भारक्षमता २० ते २५ टक्क्यांनी वाढविली गेली. त्याच वर्षी पहिल्या आठ वर्षांसाठी वार्षिक योग्यता तपासणी दोन वर्षांवर नेण्यात आली. चालकासाठी मात्र अपघातानंतर पळाल्यास दहा वर्षांच्या कारावासाचे कलम तयार होते. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा कोठे ते स्थगित झाले.

अतिभार मालकाच्या माहितीने वा हुकमाने झाला, असे गृहीत धरण्याचा अधिकार न्यायालयाला कायद्याने दिलेला आहे. तो वापरला जाताना कोणी पाहिला आहे? आणि 'उद्या पहाटेपर्यंत माल पोहोचलाच पाहिजे' असे बजावणारा कारखानदार तर पंचनाम्यात कोठेच नसतो.

आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या, अशा विखुरलेल्या हमालाला १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळ दिले. मजुरी आणि लेव्ही मालकाने मंडळात भरावयाची, अशी व्यवस्था केली. ट्रकचालकाची स्थिती याहून निराळी नाही. चालकांसाठी असेच मंडळ हवे: मासिक वेतन, डिझेल मालकाच्या खात्यावर, चालविण्याच्या तासांची मंडळाकडे नोंद आणि माल पाठविणाऱ्याकडून प्रत्येक खेपेमागे लेव्ही. भाडे वाढेल, महागाई होईल, असा ओरडा होईल. होऊ द्या. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. स्वस्त वाहतुकीची किंमत कोणाची घरे भरीत आहेत, ते ओरडणाऱ्यांनी एकदा सांगावे.

अनेक शहरांबाहेर ट्रक टर्मिनल आहेत. तेथील चालकांची यादी कोणत्याही कामगार संघटनेच्या दप्तरात नाही. येत्या महिन्यात साथींनी तेथे जावे आणि उक्त्या फेरीचा हिशेब चालकांच्याच तोंडून लिहून घ्यावा. मंडळाच्या मागणीला तो जोडूनच कामगार आयुक्तांपुढे ठेवावयाचा आहे.