घाई वाहिनीची, हानी रहस्याची

एप्रिल १९९० मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ‘ट्विन पीक्स’ ही मालिका अवतरली. लाकूडगिरणीचे आडगाव, पाण्याकाठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लॉरा पामर या शाळकरी मुलीचे शव आणि घरोघरी दडलेली पापे! खुनी कोण, हे डेव्हिड लिंच व मार्क फ्रॉस्ट या कर्त्यांना इतक्यात सांगायचेच नव्हते. वाहिनीला कुठला धीर? दुसऱ्या पर्वाच्या मध्याआधीच उत्तर वदवून घेतले गेले. खुनी निघाला जन्मदाता बापच, दुष्टात्म्याने झपाटलेला. खरे भय रानात नव्हे, दिवाणखान्यात होते. पण ते मनात मुरण्यापूर्वीच कोडे सुटले, प्रेक्षक पांगले. जून १९९१ मध्ये, अवघ्या ३० भागांनंतर, मालिका गुंडाळली गेली. २०१७ मध्ये ती दुसऱ्या वाहिनीवर १८ भागांसाठी परतली आणि लॉराचे कोडे पुन्हा अनुत्तरित ठेवूनच थांबली.