गरोदरपणातली खाज सोसण्यासाठी नसते

पोटुशी बाई खाजेने रात्रभर तळमळत असली, तरी घरातल्या बायका तिला सांगतात, "दिवसांत असं व्हायचंच, सोस. मलमबिलम लावू नकोस, बाळाला बाधेल." आता त्यात शिकलेल्यांच्या धास्तीची भर पडली आहे: ॲलर्जीने बिथरलेल्या पेशी गर्भाशयातही बाळावर उलटतील.

ही धास्ती आधी तपासू, कारण ती विज्ञानाचं नाव घेऊन येते. निम्मा वारसा बापाचा असलेला गर्भ आईचं शरीर परका म्हणून नाकारत का नाही, हा प्रश्न पीटर मेडावार यांनी १९५३ साली मांडला. १९९३ मध्ये थॉमस वेगमन यांनी सुचवलं, की या काळात आईची प्रतिकारशक्ती 'टीएच-२' या मदतनीस टी-पेशींच्या प्रतिसादाकडे झुकते. ॲलर्जीच्या इसबातही कल तोच असतो, आणि गरोदरपणी इसब उफाळण्यामागे हेच कारण सांगितलं जातं. इथवर ठीक. पण त्यावरून गर्भाशयात युद्ध पेटतं असं म्हणणं चूक आहे. पहिल्या तिमाहीत गर्भाशयाच्या अस्तरातल्या प्रतिकारपेशींपैकी सुमारे ७० टक्के नैसर्गिक मारक पेशी असतात. त्या गर्भावर तुटून पडत नाहीत. आईच्या नागमोडी रक्तवाहिन्या रुंद करून वारेकडे रक्त पोचवायला मदत करतात. ॲलर्जीसाठी बदनाम असलेल्या मास्ट पेशीही उंदरांवरच्या प्रयोगांत याच कामाला हातभार लावताना दिसल्या आहेत. शिवाय उंदरीण विसेक दिवसांत विते; तिच्या गर्भाशयात एखादा अपायकारक बदल दिसला, तरी तो उचलून बाईला घाबरवणं हा अन्याय आहे.

म्हणून खाज निरुपद्रवी ठरते का? मुळीच नाही. पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजत असतील, विशेषतः रात्री, तर तो यकृताचा विकार असू शकतो. रक्तातली पित्ताम्लं लिटरला १०० मायक्रोमोलपर्यंत किंवा त्यापुढे गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. अशा बाईला "सोस" म्हणणारा माणूस तिची रक्ततपासणी लांबवत असतो. इसबातही खाजवून फुटलेल्या कातडीत जंतू शिरतात, नागिणीच्या जातीतला हर्पीस पसरू शकतो, झोप तर जातेच.

मलमाबद्दलची भीती अगदी निराधार नाही, पण ती भलत्या ठिकाणी आहे. सौम्य आणि मध्यम स्टेरॉइड मलमांचा जन्मजात व्यंगांशी संबंध आढळलेला नाही. तीव्र किंवा अतितीव्र मलम गरोदरपणात एकूण ३०० ग्रॅमहून जास्त वापरलं, तर बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध दिसतो. म्हणजे प्रश्न मलमाच्या तीव्रतेचा आणि मापाचा आहे. दुर्दैव असं, की डॉक्टरांनी लिहून दिलेली सौम्य ट्यूब कपाटात पडून राहते आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीविना आणलेलं, क्लोबेटासोल हे अतितीव्र स्टेरॉइड घातलेलं मिश्रमलम "खाजेचं साधं मलम" म्हणून अंगभर चोळलं जातं. खरी जपणूक इसबासाठी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्यांबाबत हवी. त्या तर दिवस राहण्याआधीच बंद व्हायला हव्यात.

आईने गरोदरपणी अंडी, मासे, शेंगदाणे वर्ज्य केल्याने बाळाचा इसब टळतो, यालाही पुरावा नाही. उलट आईचं पोषण मात्र तुटतं. तिला भरपूर मॉइश्चरायझर, ठरवून दिलेलं मलम आणि त्वचारोगतज्ज्ञाची भेट हवी. दर महिन्याच्या तपासणीत वजन आणि रक्तदाब पाहतात. तिथेच खाज कुठे सुटते, पुरळ आहे का आणि रात्री झोप लागते का, हेही डॉक्टरांनी स्वतःहून विचारलं पाहिजे.