पथ्य ताटात, कुपथ्य पुड्यात

वेल्हे खोऱ्यातल्या आमच्या घरी नाचणीची भाकरी अजून होते. पण ती एकट्या आजीपुरती. आम्हां मुलांचा दिवस चहा-खारीने उजाडतो आणि भोरच्या एस. टी. स्टँडवर वेफर्सच्या पुड्याने मावळतो.

वडिलांना रक्तदाबाचा विकार आहे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून आई त्यांची भाजी अळणी करते. मात्र संध्याकाळी चहाबरोबर फरसाण असतेच! दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. अपाय करते ते मिठातले सोडियम, आणि ते बिस्किटातल्या सोड्यातही असते. ते ताटातून आले की पुड्यातून, हे शरीर विचारीत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही डोंगरची काटक माणसे. मधुमेह शहरातल्या लठ्ठांना! हा भ्रम आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने वजन सारखेच असूनही त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९ टक्के, तर त्यांच्या अंगात २१ टक्के! मग सडपातळपणावर विसंबून गोड बिस्किटांचे पुडे कसे फस्त करावेत?

पहाटेची गाडी गाठणाऱ्याला पुडा सोयीचा वाटतो, हे मान्य. पण मित्रहो, पुडा उलटा करून सोडियमचा आकडा वाचा, अडीचने गुणा, तितके मीठ! आणि आजीला सांगा, उद्यापासून एक भाकरी जास्त थाप.