मुद्दल न मोडता



द्राक्षांच्या खोक्यांचा व्यवसाय करणारा माझा पुतण्या मध्यंतरी पेरू देशाची राजधानी लिमा येथे जाऊन आला. पेरूची द्राक्षे परदेशी बाजारात आपल्या नाशिकच्या द्राक्षांच्या शेजारी मांडली जातात. ती मंडळी माल कसा बांधतात, हे पाहण्यासाठी तो गेला होता. परतीपूर्वी त्याला एक दिवस मोकळा मिळाला. मुक्कामाच्या ठिकाणी ठेवलेला एक घडीचा नकाशा त्याने उचलला आणि वाटाड्या न घेता तो एकटाच पायी निघाला. पिझारो या स्पॅनिश सेनानीने १५३५ साली जेथे शहराची आखणी केली तो मुख्य चौक, चौकातील कॅथेड्रल, लाकडी कोरीव सज्जांच्या जुन्या हवेल्या, सॅन फ्रान्सिस्कोचा मठ आणि त्याच्या तळघरातील शेकडो वर्षांपूर्वीच्या अस्थी, हे सारे त्याने चार तासांत पाहिले. लिमाचा हा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

घरी आल्यावर तो म्हणाला, "काका, त्या गावात मला ओळखणारे कोणी नव्हते, पण गावाने स्वतःची ओळख मला करून दिली. आपल्या नाशिकचा असा एखादा कागद तुम्ही मला लिहून द्याल का? तुमची निम्मी नोकरी जुन्या गावात गेली."

मी 'देतो' म्हणालो आणि कागद पुढे ओढला. पाच-सहा नावे लिहून झाल्यावर लेखणी थांबली. जुन्या गावातील बहुतेक वाडे मी आतून पाहिले आहेत, परंतु ते तारणाची मालमत्ता म्हणून. पाहणी अहवालातील माझे ठरलेले वाक्य मला आजही पाठ आहे : 'जमिनीची किंमत अमुक, बांधकाम जीर्ण, किंमत शून्य.' त्या शून्यात सागवानी खांब होते, नक्षीच्या तुळया होत्या, चौकात उतरणारे ऊन होते. नियमानुसार माझे काही चुकले नव्हते. पण पाहायचे राहून गेले होते, हे खरे.

म्हणून एका रविवारी सकाळी नवकारशी आटोपून मी, पुतण्या आणि त्याची बारा वर्षांची मुलगी असे तिघे निघालो. तीच फेरी येथे क्रमाने देत आहे. अंतर साधारण तीन किलोमीटर, वेळ दोन तास. रविवारची सकाळ मुद्दाम निवडावी. दुकाने बंद असतात, फलकांवरचे दिवे मालवलेले असतात आणि मान वर करून पहिला मजला पाहता येतो. जुने नाशिक पहिल्या मजल्यावर अधिक शिल्लक आहे.

आरंभ सराफ बाजारातील सरकारवाड्यापासून करावा. उंच दगडी जोत्यावरची ही पेशवेकालीन वास्तू आता संरक्षित स्मारक आहे. जोते इतके उंच का, हे विचारायला सराफ बाजारातील कोणाही व्यापाऱ्याकडे जावे. गोदावरीला पूर आला की पाणी प्रथम ह्याच पेठेत शिरते. १९६९ आणि २००८ चे पूर ज्यांनी पाहिले, त्या पेढ्यांवर आजही पावसाळ्यात चोपड्या वरच्या फळीवर जातात. तेथून भांडी बाजार, तांबट आळी, कापड बाजार असे फिरावे. ही नावे म्हणजे आपल्या गावाची जुनी व्यवसायवहीच आहे. तांबट आळीतील ठोक्यांचा आवाज माझ्या लहानपणी दुपारभर ऐकू येई. त्या सकाळी तो नव्हता. नातीने विचारले, "आजोबा, तांबट म्हणजे कोण?" उत्तर द्यायला मला एक पातेले दाखवावे लागले.

जुन्या गावातच विजयानंद नाट्यगृहाची जागा आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या तरुणाने येथे गोळ्या झाडल्या. पुढे त्याला फाशी झाली. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता आणि पश्चिम भारताच्या इतिहासावर त्याचे लेखन आहे. इतिहास हा असा दोन्ही बाजूंच्या नोंदी असलेला खातेउतारा आहे. एकच बाजू वाचून शिल्लक काढता येत नाही.

रविवार कारंजावरून पुलाकडे निघाले की डाव्या-उजव्या गर्दीत सुंदरनारायण मंदिर शोधावे. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते १७५६ साली बांधले. दगडाची झीज झाल्यामुळे पुरातत्त्व खात्याने त्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. नवा दगड आणि जुना दगड यांतील रंगाचा फरक मुलांना दाखवावा. दुरुस्ती म्हणजे काय, हे त्यांना एका नजरेत कळते. पुढचा पूल १८९५ सालचा. व्हिक्टोरिया राणीचे नाव जाऊन त्याला आता अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे.

पूल ओलांडून रामकुंडाकडे उतरावे. तेथील दुतोंड्या मारुती हे आपले जुने पूरमापक. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला, अशी मोजणी गाव करते आणि तिच्यावर दुकानातला माल हलवायचा की नाही हे ठरवते. जवळच नारोशंकरांनी १७४७ साली बांधलेले रामेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या प्रवेशद्वारावरील प्रचंड घंटेवर १७२१ हे साल आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई पोर्तुगीजांकडून जिंकली, त्या विजयाची ती खूण असल्याचे सांगतात. गावात कोणी फार बडबड करू लागला की 'नारोशंकराची घंटा' असे म्हणतात, ते हिच्यावरून.

शेवट काळाराम मंदिरात करावा. काळ्या पाषाणातील हे देखणे मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकात उभारले. परंतु माझ्या मते ह्या फेरीतील सर्वांत महत्त्वाची जागा गाभारा नसून दरवाजा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे येथे आली आणि त्यांना दारे बंद होती. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनी हा सत्याग्रह पुढे काही वर्षे चालवला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. नातीने त्या दाराला हात लावून विचारले, "मग उघडले का नाही?" तिचे वडील माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "आत उभ्या असलेल्यांना आपण चुकतो आहोत असे वाटले नाही, म्हणून." यापेक्षा चांगले उत्तर माझ्यापाशी नव्हते. गाडगे महाराज पुलावरून आम्ही पुन्हा सराफ बाजारात आलो.

ह्या फेरीला एक पुरवणी आहे. गावापासून आठेक किलोमीटरवर मुंबई-आग्रा मार्गालगत पांडवलेणी आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे सांभाळून, उन्हाच्या आत चढावे. एरवी आपण तेथे सहलीला जातो, डबा खातो आणि उतरतो. यावेळी दहाव्या लेण्याच्या ओसरीत मी थांबलो. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान या क्षत्रपाचा जावई उषवदात (त्याचे नाव ऋषभदत्त असेही लिहितात) याने तेथे एक लेख कोरविला आहे. तो लेख म्हणजे ठेव पावती आहे, असे मी म्हणालो तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याने लेण्यातील भिक्षूंसाठी ३००० कार्षापण दिले. ते त्यांच्या हाती दिले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे. हिशेब करून पाहा : २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला २४०, आणि २० गुणिले १२ म्हणजेही २४०. एक कवडी इकडची तिकडे नाही. मुद्दल परत घ्यायचे नाही आणि मोडायचेही नाही, केवळ वाढ भोगायची. लेखातील तिचे नाव 'अक्षयनीवी'. हा व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकविला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविला, असेही शेवटी म्हटले आहे. ठेव, दर, हेतू, साक्ष आणि नोंद. आयुष्यभर मी जी कागदपत्रे तपासली, त्यांत याहून पक्का दस्तऐवज क्वचितच पाहिला असेल.

वर्षावास म्हटल्यावर आपल्याला चातुर्मास आठवेल. त्याच लेण्यांत पुढे विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कुंभार आणि तेली अशा श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा लेख आहे. दहाव्याच्या शेजारचे अकरावे लेणे लेखक शिवमित्राच्या मुलाने, रामणकाने दिलेले आहे. म्हणजे एका कारकुनाच्या घरातले दान. पुढील काळात त्यात ऋषभदेवांची मूर्ती कोरली गेली. आपली मंडळी हे लेणे बहुधा न पाहता परततात, म्हणून मुद्दाम सांगतो. आणि अंजनेरीच्या पायथ्याशी शके १०६३ चा यादवकालीन लेख आहे. त्यात काही दुकानांचे उत्पन्न चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिराला दिल्याची नोंद आहे. दुकान आणि दान यांची सांगड आपल्याकडे किती जुनी आहे, याचा हा दगडी पुरावा.

आता जे सांगायचे, ते सांगायला मला थोडे जड जाते. आमचा सामाईक वाडा जुन्या गावात आहे. तीन भावांचा हिस्सा. मागची भिंत सुटली आहे, धोकादायक इमारतीची नोटीस दोनदा लागली आहे आणि पावसाळ्यात तेथे झोपणाऱ्या भाडेकरूंची काळजी वाटते. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर मीही सही केली आहे. ती सही चुकली असे मी म्हणणार नाही. माणसाच्या डोक्यावर पडू शकणारे छप्पर वारसा म्हणून राखता येत नाही.

परंतु फेरीनंतर आम्ही तिघे वाड्यात गेलो तेव्हा मी प्रथमच मोजपट्टी बँकेसाठी न लावता घरासाठी लावली. दाराची चौकट सात फूट उंच, चार फूट रुंद. वर कलशाची पट्टी, खाली आजोबांनी बसविलेला पितळी उंबरा. नातीने मापे लिहून घेतली, पुतण्याने छायाचित्रे काढली. संध्याकाळी मी थोरल्या बंधूंना म्हणालो, "दादा, नव्या इमारतीत तळमजल्यावर आपल्या दुकानाला हीच चौकट बसवू."

दादा आयुष्यभर गल्ल्यावर बसलेले. ते म्हणाले, "जागा किती अडेल?"

"चौकटीला जागा अडत नाही दादा. ती नुसती दार असते."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी माळ्यावरून आजोबांची जुनी खतावणी आणि वाड्याचे मोडीतील खरेदीखत काढून माझ्याकडे पाठवले. चौकटीचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. खतावणी झटकताना मी पहिले पान उघडले. त्यावर विटा, चुना आणि सागाचा भाव लिहिलेला आहे, आणि शेवटी सुताराला दिलेल्या बक्षिसाची वेगळी ओळ आहे. ज्या बांधकामाची किंमत मी शून्य लिहिली असती, तिची जमा-खर्चाची पूर्ण नोंद आजोबांनी ठेवली होती.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या पेढ्या आणि वाडे ह्याच वाटेवर आहेत. सारे राखणे कोणालाच शक्य नाही. परंतु पाडण्यापूर्वी तीन गोष्टी प्रत्येक घराला परवडण्यासारख्या आहेत. घराचा साधा नकाशा मापांसह काढावा. जुनी कागदपत्रे, विशेषतः मोडीतील, जाणकाराकडून वाचून घ्यावीत. १८४० पासून चालत आलेले आपले सार्वजनिक वाचनालय अशा चौकशीचा आरंभ करायला चांगले ठिकाण आहे. आणि एखादी चौकट, एखादा खांब, एखादी तुळई नव्या इमारतीत आणावी. एवढेही मुद्दल राहिले, तर पुढच्या पिढ्या त्यावर व्याज खातील.

पुतण्याचा कागद मी पूर्ण केला आहे. नातीने त्यावर स्वतःच्या हाताने नकाशा काढला असून त्यात सरकारवाड्याच्या शेजारी आमचा वाडाही दाखवला आहे. मी म्हणालो, "अगं, तो तर जाणार." ती म्हणाली, "अजून आहे ना?"

मी नकाशा तसाच राहू दिला.