समासातली नावं

ऑगस्ट १९२६. मूकपटांचा नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो एकतिसाव्या वर्षी गेला, आणि न्यूयॉर्कच्या फ्रँक कॅम्पबेल फ्युनरल होमची काच गर्दीच्या रेट्याने फुटली. पुढे अभिनेत्री जूडी गार्लंड (१९६९), गायक जॉन लेनन (१९८०) यांचीही पार्थिवं याच संस्थेत आली. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्याचे कागद बहुधा अशा अंत्यविधी संस्थांचेच लोक भरतात. निधनवार्ताही पुष्कळदा तेच लिहून देतात. म्हणजे चरित्राचा पहिला खर्डा संपादकाच्या नव्हे, अंत्यविधी करणाऱ्याच्या टेबलावर! (थोडा हेवाच वाटतो.)

आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र ‘दुःखद निधन’चा कागद अजूनही एखादा पुतण्या घडी घालून आणतो. वय खोडून दुरुस्त केलेलं, धाकट्या सुनेचं नाव राहिलं म्हणून समासात घातलेलं. दुरुस्तीसाठी फोन येतो तो हमखास त्या समासातल्या नावाबद्दल.