रात्री जनावर आजारी पडलं, तर मरू द्यायचं का?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पशुपालकांना, घरात कुत्री-मांजरं सांभाळणाऱ्यांना, आणि या दोघांनाही हसणाऱ्यांना

घोणस चावलेली कुत्री पुण्याच्या वाटेवर, शिरूर यायच्या आत गेली. नगरच्या उपनगरातली, याच पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दहानंतर अख्ख्या शहरात तिला सलाईन लावून विषावरचं इंजेक्शन देईल असं एक दार उघडं मिळालं नाही. एक फोन बंद होता. दुसरीकडे "सकाळी घेऊन या" असं उत्तर मिळालं. तिसरीकडे आधी रक्कम सांगितली गेली, आणि महिनाअखेरीला ती रक्कम त्या घरात नव्हती. त्याच आठवड्यात पारनेरच्या बाजूला नुकतीच व्यालेली गाय रात्री गोठ्यात बसली आणि पहाटे मेलेली सापडली. दोन्ही घरांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकच सांत्वन दिलं: नशीब.

यात नशिबाचा काही संबंध नाही. जनावराचा दवाखाना ही दिवसाची सोय आहे आणि रात्र ज्याची त्याने बघावी, अशी एक समजूत या राज्यात इतकी मुरली आहे की ती कुणाला खटकतही नाही. आमचं भांडण त्या समजुतीशी आहे. कुठल्या डॉक्टरशी नाही, कुठल्या दवाखान्याशी नाही. फी भरमसाट आहे, औषधं महाग आहेत, हे तुम्हाला सांगायला पत्रक कशाला हवं? ते तुम्ही भोगलं आहे. पण रात्रीचं बिल एवढं का होतं, याचा विचार फार थोडे करतात.

दिवसा सरकारी दवाखाना उघडा असतो, म्हणून खाजगी फीला एक मर्यादा राहते. माणूस म्हणू शकतो की नको, मी तिकडे जातो. संध्याकाळी ते दार बंद झालं की हा "नको" म्हणण्याचा हक्क संपतो. जनावर तडफडत असताना घासाघीस कोण करणार? जो येईल त्याला, तो म्हणेल ते द्यायचं. आणि जो येतो त्याचीही बाजू ऐका. तो पावसात वीस-पंचवीस किलोमीटर मोटारसायकल चालवत वस्तीवर येतो, मोबाइलच्या उजेडात लाथा मारणाऱ्या गाईची शीर शोधतो, मदतीला माणूस नसतो, आणि सकाळी पुन्हा त्याचे फोन सुरू होतात. त्याने जास्त पैसे घेतले तर त्यात अन्याय नाही. तो एकटाच आहे, हा अन्याय आहे. त्याच्या एकटेपणाची किंमत आपण मोजतो.

रात्रीच्या एका फेरीचे औषधांसह तीन हजार धरा. दुधाला तीस रुपये लिटर भाव धरला, तर हे शंभर लिटर दूध झालं. दोन-तीन गाईंच्या शेतकऱ्याचं हे कित्येक दिवसांचं दूध, तेही पेंड आणि चाऱ्याचा खर्च न धरता. २०२४ च्या जानेवारीत लिटरमागे पाच रुपये अनुदान मिळावं म्हणून या जिल्ह्याने किती कागद रंगवले आणि गाईंच्या कानातले बिल्ले किती वेळा दाखवले, ते आठवा. पाच-पाच रुपयांनी जे जमा होतं ते एका रात्रीत जातं, आणि एवढं करून गाय वाचेलच असं नाही.

आता कुणी म्हणेल, रात्री कितीशी जनावरं आजारी पडतात? असं म्हणणाऱ्याने एक वर्ष गोठा सांभाळावा. संकट बहुतेक रात्रीचंच येतं. घोणस आणि मण्यार अंधार पडल्यावर बाहेर निघतात. राहुरी, संगमनेर, अकोले, श्रीरामपूर, कोपरगावच्या उसातला बिबट्या रात्रीच वस्तीवर येतो, आणि शेळ्यांच्या आधी त्याच्या तोंडी कुत्रा सापडतो. संध्याकाळी वैरण-खुराक खाल्लेली गाय रात्री फुगते. वासरू अडतं तेव्हा घड्याळ बघून अडत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडला तर हातात मोजके तास असतात. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो, आणि पहिले कित्येक तास तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. "सकाळी आणा" म्हणणं हे यातल्या प्रत्येकाला मरायला सांगणं आहे.

मिल्क फिव्हरचंच बघा. जास्त दूध देणारी गाय व्याली की दोन-तीन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. गाय थरथरते, बसते, मान वळवून कुशीला लावते, अंग गार पडतं. वेळेवर शिरेतून कॅल्शियम गेलं तर तीच गाय थोड्या वेळात उठून उभी राहते. ज्यांनी पाहिलं आहे ते जन्मभर विसरत नाहीत. औषधाच्या बाटलीला काही शे रुपये पडतात, गाय लाखाच्या घरातली. पण तीच बाटली घाईने शिरेत सोडली तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं. म्हणून "गावातलं कुणीतरी टोचून जाईल" हे उत्तर आम्हाला नको. ते उत्तर कायद्यालाही नको आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा. जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावेत, पदविकाधारकांनी त्याच्या देखरेखीखाली फक्त किरकोळ सेवा द्याव्यात, असं तो सांगतो. कायदा योग्यच आहे. त्याआधीचा, १९६० चा प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा कायदा मालकाला बजावतो की तुझ्या ताब्यातल्या जनावराला विनाकारण वेदना होऊ देऊ नकोस. तोही योग्य. आता रात्री एक वाजता हे दोन्ही कायदे एकत्र वाचा. वेदना थांबवणं तुमचं कर्तव्य, ती थांबवण्याचा अधिकार डॉक्टरचा, आणि डॉक्टर उपलब्ध ठेवणं कुणाचंच काम नाही. त्याच १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. जनावराच्या यातनेची या देशाने ठरवलेली ही किंमत आहे. ती कित्येक दशकं पुस्तकात तशीच आहे, याची आम्हाला लाज वाटते.

पैसा नाही, असंही कुणी सांगू नये. पैसा आहे, तो जनावर मेल्यावर बाहेर येतो. २०२२ मध्ये गुरांमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा मेलेल्या दुभत्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस हजार आणि वासराला सोळा हजार रुपये सरकारने दिले. द्यायलाच हवे होते. २०२४ मध्ये केंद्राने पशुधन विम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा वाटा पंधरा टक्क्यांवर आणला. तेही चांगलं झालं. पण हा विमाही जनावर दगावल्यावर मिळतो. बिल्ला, पंचनामा, शवविच्छेदन, दाखला, सही, सगळ्याला रीत आहे, नमुना आहे, टेबल आहे. जिवंत जनावराला मध्यरात्री हात लावायला मात्र माणूस नाही. ज्या व्यवस्थेत मृत्यूची किंमत ठरलेली असते आणि वाचवण्याची सोय नसते, तिला पशुसंवर्धन म्हणण्याचा अधिकार नाही.

लम्पीनेच हेही दाखवलं की ठरवलं तर सगळं होतं. राज्यभर मोफत लसीकरण झालं, खाजगी पशुवैद्यकांनाही मोबदला देऊन कामाला घेतलं गेलं. मग रात्रीच्या पाळीसाठी तसाच मोबदला का देता येत नाही?

आता ज्या आक्षेपांनी आमचं डोकं फिरतं, त्यांच्याकडे वळतो.

"माणसांना दवाखाने मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्यांचं काय घेऊन बसलात?" हे वाक्य म्हणणारा माणूस माणसांच्या दवाखान्यासाठी कधी मोर्च्यात दिसला आहे का? आम्ही तरी पाहिला नाही. माणसांसाठी १०८ ची गाडी २०१४ पासून रात्रंदिवस धावते. तिचं एक चाकसुद्धा आम्ही मागत नाही. आणि या जिल्ह्यातली हजारो माणसं जनावराच्या जिवावरच जगतात. मुलीची फी आणि सोसायटीचा हप्ता दुधाच्या पगारातून जातो. गोठा कोसळला की घर कोसळतं.

"कुत्री-मांजरं ही श्रीमंतांची चैन. पाळताना विचार करायचा होता." या चैनीच्या खाद्यावर सरकार अठरा टक्के जीएसटी घेतं. घेताना चैन चालते, आणि सोय मागितली की आमची नालायकी निघते? शिवाय हा आक्षेप घेणाऱ्यांनी नेवाशाच्या किंवा राहुरीच्या वस्तीवर एक रात्र काढावी. तिथला गावठी कुत्रा बिबट्याच्या वासाने भुंकतो म्हणून आठ-दहा शेळ्या आणि अंगणात झोपलेलं पोर वाचतं. नगरमध्ये एकट्या राहणाऱ्या पेन्शनर आजींना मांजरीखेरीज बोलायला घरात दुसरं कुणी नसतं. यातली चैन आम्हाला कुणीतरी दाखवावी.

इथे आमच्यातल्या आमच्यातही एक गोष्ट बोलायला हवी. गाईवाला कुत्रेवाल्याला हसतो आणि कुत्रेवाला गाईवाल्याच्या गोठ्याला नाक मुरडतो. दोघांच्या दारात रात्री येणारा डॉक्टर एकच आहे, आणि तो दोघांनाही मिळत नाही. हे हसणं थांबलं नाही तर मागणी कधीच मोठी होणार नाही.

"पुण्याला न्या." पुणे नगरपासून एकशेवीस किलोमीटर. जामखेडहून, अकोल्याहून किती, ते ज्याचं त्याने मोजावं. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये छोट्या प्राण्यांसाठी दोनशे खाटांचं रुग्णालय झालं, परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या, सतरा हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या जिल्ह्याला "दुसऱ्या जिल्ह्यात जा" हे उत्तर देणं निर्लज्जपणाचं आहे. आणि गाय गाडीत घालून कोण पुण्याला नेणार?

"डॉक्टरच कमी आहेत, करणार काय?" हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला शांतपणे उत्तर देतो. पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्यक हवा, असं राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली सांगितलं होतं. म्हणजे लाखाला वीस. आज फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा, १९६२ क्रमांकाच्या गाडीचा, निकष आहे एक लाख जनावरांमागे एक गाडी. ही गाडी दवाखान्यांच्या जोडीला आहे, हे आम्हाला माहीत आहे. तरी हिशोब करा. लाख जनावरांनी वर्षातून एकेकदाच आजारी पडायचं ठरवलं, तरी त्या गाडीच्या वाट्याला रोज २७४ जनावरं येतात. ही कमतरता पन्नास वर्षं कागदावर दिसत होती. ती भरली गेली नाही, कारण ती भरणं कुणाला तातडीचं वाटलं नाही. डॉक्टर कमी आहेत हे कारण पुढे करून रात्र कायमची बंद ठेवता येत नाही. उलट जेवढे आहेत त्यांच्या पाळ्या लावाव्या लागतात. माणसांच्या दवाखान्यात तेच करतात.

२०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. चौंडीच्या या लेकीने पाखरांसाठी उभी शेतं राखून ठेवली होती, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. २०२५ मध्ये राज्याने पशुपालनाला शेतीसमान दर्जा दिला. जिल्ह्यातल्याच सावळीविहीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालं आहे. नाव, दर्जा आणि मंजुरी मिळाली. आता रात्र द्या.

आमचं मागणं मोठं नाही. चौदाही तालुक्यांत रोज रात्री एक पशुवैद्यक पाळीवर असावा, सरकारी किंवा मानधनावरचा खाजगी, आणि त्याचा फोन ग्रामपंचायतीच्या व दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर रंगवलेला असावा. १९६२ ची गाडी रात्रीही निघावी. नगर शहरात छोट्या प्राण्यांसाठी एक तरी रात्रभर उघडी खोली असावी. पाळीवरच्या डॉक्टरकडे कॅल्शियम, सलाईन आणि सापाच्या विषावरची इंजेक्शनं शिल्लक असावीत. रात्रीच्या फीचा फलक मराठीत, दाराबाहेर लागावा, आणि ज्याच्याकडे त्या क्षणी पैसे नाहीत त्याचं जनावर आधी तपासून हिशोब नंतर व्हावा. सावळीविहीरच्या महाविद्यालयाचं रुग्णालय उभं राहील तेव्हा त्याचा पहिला विभाग रात्रीचा असावा, हेही आताच लिहून घ्यावं, कारण इमारत झाल्यावर कुणी ऐकत नाही.

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. वरचा परिच्छेद जसाच्या तसा ठराव म्हणून मांडा, सूचक-अनुमोदकांची नावं घाला, ठराव क्रमांक पडेपर्यंत उठू नका, आणि सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या. शहरातल्यांनी हेच निवेदन आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे द्यावं आणि पोच घ्यावी. ज्यांचं जनावर रात्री गेलं आहे, त्यांनी तारीख, वेळ, कुठे कुठे फोन केला आणि काय उत्तर मिळालं एवढं एका कागदावर लिहून ठरावाला जोडावं.