संगणकाला जात नसते, मुलाखतीला असते!

पुण्याच्या शनिवार पेठेत रमणबागेला न्यू इंग्लिश स्कूल आहे. चिपळूणकर-टिळकांनी १८८० साली काढलेल्या शाळेचे हे नाव वाचकांनी नीट वाचावे. महाराष्ट्राला मराठीचा अभिमान शिकवणाऱ्यांनी शाळा काढली ती ‘न्यू इंग्लिश’! त्यात गैर काही नाही. इंग्रजीशिवाय गती नाही, हे त्यांनी वेळीच ओळखले होते. मग आज बहुजनांच्या मुलांना ‘मराठीतून इंजिनिअर व्हा’ असे सांगितले जाते, ते नेमके कोणाच्या भल्यासाठी?

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर एआयसीटीईने २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झाली. मातृभाषेतून विषय लवकर उमगतो, याबद्दल वाद नाही. पण पदवी मराठीत आणि नोकरी इंग्रजीत, हा हिशेब जुळवायचा कोणी?

प्रोग्रॅमिंगची भाषा इंग्रजी असते म्हणून आपली मुले मागे पडतात, असे म्हणतात. हे अर्धसत्य आहे. पायथॉनमध्ये इफ, एल्स, व्हाइल असे राखीव शब्द जेमतेम ३५. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा ते आठवड्यात पाठ करतो. २००८ साली आलेल्या पायथॉन ३ मध्ये तर चलांना देवनागरीत नावेही देता येतात. अडते ते पुढे. प्रोग्रॅम चुकला की येणारा संदेश इंग्रजीत, माहितीपुस्तिका इंग्रजीत. मराठीत विचारले तर चूक समजावून सांगणारी एआय साधने आता आली आहेत, तेव्हा हा अडसर थोडाफार कमी होईल. मुलाखतीचा अडसर मात्र कोणतेही यंत्र काढणार नाही.

वसतिगृहात राहून शिकलेला एक बौद्ध तरुण माझ्याकडे आला होता. कंपनीच्या कोडिंग परीक्षेत तो उत्तीर्ण, मुलाखतीत बाद. कारण तोंडी सांगितले, ‘कम्युनिकेशन’ कमी पडते. काम संगणकाशी बोलण्याचे, परीक्षा मात्र साहेबासारखे बोलण्याची! आडनाव विचारायची गरजच उरत नाही. उच्चार ऐकला की गाव, शाळा आणि वस्ती कळते. “सर, केस होईल का?” असे त्याने विचारले. मला नाही म्हणावे लागले. संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे, खासगी कंपनीला ते लागू होत नाही. हिंजवडीचे आयटी पार्क उभे राहिले एमआयडीसीच्या, म्हणजे जनतेच्या जमिनीवर. पण तिथल्या नोकरीत आरक्षण नाही.

म्हणून इंग्रजी सोडा, हा सल्ला आपण मुळीच मानू नये. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली मराठीत लिहिली, पण तिला प्रस्तावना इंग्रजीत जोडली. १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाची मागणी केली तीही इंग्रजीत. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. आपल्या माणसांशी त्यांच्या भाषेत आणि सत्तेशी सत्तेच्या भाषेत बोलण्याची ही रीत आहे. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हा मराठी बुडाली अशी ओरड झाली. ओरडणाऱ्यांची नातवंडे कोणत्या माध्यमात शिकली, याची चौकशी कोणीतरी करावी!

मराठीतून शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला चारही वर्षे बोलण्या-लिहिण्याचे इंग्रजी सरकारी खर्चाने मिळाले पाहिजे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत संध्याकाळचे वर्ग सुरू झाले पाहिजेत. बार्टीने त्यात पुढाकार घ्यावा आणि आपल्या संघटनांनी त्यासाठी निवेदने देऊन पाठपुरावा करावा. सरकारी जमीन आणि सवलती घेणाऱ्या कंपन्यांना एक अट घालावी: कोडिंगचे गुण आणि इंग्रजी बोलण्याचे गुण वेगळे दाखवा, आणि उमेदवार नाकारला तर कारण लेखी द्या. त्या तरुणाच्या हाती असा कागद असता, तर निदान नोटीस तरी काढता आली असती.